डासदंशाचे दुखणे : एक उपेक्षित प्रश्न

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पावसाळा ओसरू लागला की आरोग्यविषयक बातम्यांचा एक ठरीव क्रम सुरू होतो. डेंग्यूचे संशयित रुग्ण आढळतात, रक्ताचे नमुने तपासणीस जातात, नगरसेवक धूरफवारणीची मागणी करतात, यंत्र चार गल्ल्यांतून फिरते आणि आठवडाभरात सारे पूर्ववत होते. या साऱ्या गडबडीत डासाने वाहून आणलेल्या रोगांची चर्चा होते. खुद्द डासाच्या दंशाची मात्र होत नाही. कीटकजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा रोगांची गणना आहे. हिवताप, डेंग्यू, चिकुनगुन्या, जपानी मेंदूज्वर, हत्तीरोग आणि काळा आजार. यांपैकी काळा आजार वगळता बाकीचे पाचही डासांमुळे पसरतात. परंतु ज्याला यांपैकी काहीच झालेले नाही, केवळ डास चावून ज्याच्या पायावर लिंबाएवढी सूज आली आहे, त्या मुलाला या यादीत स्थान नाही. ज्या दुखण्याची नोंद होत नाही त्याच्यावर खर्च होत नाही, आणि त्याची दखलही कोणी घेत नाही, हा आपल्या प्रशासनाचा जुना न्याय आहे.

डास चावल्यावर गांधी उठणे ही किरकोळ बाब होय, अशी आपली समजूत आहे, आणि बहुसंख्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. अंड्यांच्या पोषणासाठी रक्ताची गरज असलेली मादी कातडीत सोंड खुपसते, तेव्हा रक्त गोठू नये म्हणून आपली लाळ आत सोडते. त्या लाळेतील प्रथिने शरीराला परकी असतात. त्यांच्याविरुद्ध शरीर जो प्रतिकार उभा करते त्यातून हिस्टामीन नावाचे द्रव्य स्रवते आणि काही मिनिटांत खाज व गांधी येते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी येणारी टणक पुळी ही याच प्रतिकाराची दुसरी, सावकाश चालणारी बाजू. म्हणजे आपल्याला होणारा त्रास डासाने केलेल्या जखमेचा नसून आपल्याच शरीराने दिलेल्या उत्तराचा असतो. हे उत्तर काहींच्या बाबतीत प्रमाणाबाहेर जाते, आणि प्रश्न तेथे सुरू होतो.

केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४६ साली यासंबंधी जी निरीक्षणे मांडली ती आजही मार्गदर्शक आहेत. डास ज्याला पूर्वी कधीच चावलेला नाही त्याच्या कातडीवर प्रथम काहीही उमटत नाही. पुढे काही दंशांनंतर केवळ उशिरा येणारी पुळी दिसू लागते. मग तत्काळ येणारी गांधी आणि उशिराची पुळी अशी दोन्ही. त्यानंतर केवळ तत्काळची गांधी. आणि वर्षानुवर्षे दंश होत राहिल्यास अखेर काहीच नाही. ‘आम्हाला डास चावत नाहीत’ असे अभिमानाने सांगणाऱ्या आजोबांना डास चावत असतातच, त्यांच्या कातडीने केवळ तक्रार करणे सोडून दिलेले असते. उलट लहान मुले आणि परगावाहून नव्याने आलेली माणसे या क्रमाच्या मधल्या, सर्वांत त्रासदायक टप्प्यावर असतात. मिरजेत किंवा कराडात शिकावयास आलेला वसतिगृहातील विद्यार्थी पहिल्या वर्षी अंग खाजवून हैराण होतो आणि त्याच खोलीतील स्थानिक मुलगा शांत झोपतो, यात नाजूकपणाचा वा सोसण्याचा प्रश्न नाही. सवयीच्या डासांची जात बदलली तरी हा फरक पडू शकतो.

दोन ते दहा वर्षे वयाच्या मुलांत या दुखण्याचे एक चिवट रूप आढळते. हातापायांवर खाजऱ्या पुळ्यांचे घोस येतात, आठवडेच्या आठवडे राहतात. आणि विशेष म्हणजे एखादा नवा दंश झाला की जुन्या, बऱ्या होत आलेल्या पुळ्याही पुन्हा चेतून उठतात. यामुळेच आईवडिलांची खात्री पटते की मुलाचे रक्त बिघडले आहे, किंवा अंगात उष्णता झाली आहे. मग वांगे बंद होते, गूळ बंद होतो, अंडी बंद होतात. ज्या मुलाला चांगल्या आहाराची गरज आहे त्याचे ताट डासाच्या अपराधासाठी रिकामे केले जाते. शाळेतही निराळे घडत नाही. पुळ्या पाहून शिक्षकांना खरूज किंवा कांजिण्यांची शंका येते व मुलाला घरी धाडले जाते. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर अधिक असते आणि बहुधा घरातील इतरांनाही असते. कांजिण्यांत ताप असतो आणि पाण्याने भरलेले फोड आधी धडावर येतात. डासदंशाच्या पुळ्या उघड्या राहणाऱ्या भागांवर, पोटऱ्या, हात आणि चेहरा यांवर असतात. एवढा फरक ध्यानात ठेवणे शिक्षकांना अवघड नाही, आणि त्यामुळे एखाद्या मुलाची पंधरा दिवसांची शाळा वाचेल.

खरा धोका खाजवण्यातून येतो. मातीत खेळणाऱ्या मुलाच्या नखांतून जंतू पुळीत शिरतात, ती पिकते, पिवळी खपली धरते, जांघेत किंवा काखेत अवधाण येते. ही गोष्ट येथेच थांबली तर मलम आणि स्वच्छता पुरेशी होते. परंतु यांपैकी एका जातीच्या जंतूंमुळे दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी मुलाचा चेहरा सुजलेला दिसतो, लघवी चहासारखी होते. डासापासून मूत्रपिंडापर्यंतचा हा प्रवास नेहमी घडत नाही, तथापि तो घडतो, आणि तो थांबवण्यास कापलेली नखे व साबणपाणी पुरेसे असते. यापेक्षा निराळी अवस्था म्हणजे दंशानंतर काही तासांतच सारा पाय किंवा डोळ्याभोवतीचा भाग सुजणे, तापणे आणि कधी अंगात कणकण येणे. कॅनडातील सिमन्स आणि पेंग यांनी १९९९ साली हिचे वर्णन करून तिला ‘स्कीटर सिंड्रोम’ असे नाव दिले. जंतुसंसर्ग समजून तिच्यावर प्रतिजैविकांचा मारा होतो. काळाचा फरक येथे उपयोगी पडतो. ॲलर्जीची सूज तासांत येते, जंतूंची सूज एकदोन दिवसांनी सुरू होऊन वाढत जाते. आणि ओठ-जीभ सुजणे, धाप लागणे, घेरी येणे अशी लक्षणे दिसली, ती अतिशय विरळा असली तरी, घरगुती उपायांत एक मिनिटही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

घरगुती उपायांविषयी लिहिणे भाग आहे. दंशावर चुना लावण्याची रीत दोन्ही जिल्ह्यांत सर्रास आहे. चुना दाहक आहे, आणि खाजवून उघड्या पडलेल्या कातडीवर तो लावणे म्हणजे भाजून घेणे होय. दंतमंजनाची पेस्ट लावण्याची नवी रीतही शहाणपणाची नाही. थंड पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवणे, कॅलॅमाइनचे द्रावण लावणे, आणि खाज फार असल्यास वैद्यकीय सल्ल्याने सेटिरिझिनसारखी गोळी घेणे, हे साधे उपाय बहुतेकांना पुरतात. जुन्या पिढीतील ॲलर्जीच्या गोळ्यांनी गुंगी येते. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी आणि दुचाकीवरून कामावर जाणाऱ्यांनी त्या टाळलेल्या बऱ्या. ज्यांना दरवर्षी मोठी सूज येते त्यांना डासांच्या ऋतूत गोळी आधीच सुरू ठेवल्याने लाभ होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे.

परंतु आपल्याकडे सर्वाधिक खपतो तो उपाय याहून निराळा आहे. औषधाच्या दुकानात जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागितली की हातात पडते ते जहाल स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेले मलम. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते घरातील सर्वांना, तान्ह्या मुलापासून आजीपर्यंत, लावले जाते. महिना-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, रेषा उमटतात, आणि नायटा असेल तर तो दबून राहून पुढे असा पसरतो की औषधाला दाद देत नाही. देशभर हट्टी नायट्याची जी साथ त्वचारोगतज्ज्ञ गेली कित्येक वर्षे पाहत आहेत तिच्या मुळाशी या ट्यूबा आहेत, असे त्यांचे सांगणे आहे. २०१८ साली केंद्र शासनाने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, अशी तरतूद केली. कागदावर ती आहे. मात्र ट्यूब मागणाऱ्याला चिठ्ठी विचारणारा दुकानदार विरळाच, हे वाचकांना सांगावयास नको.

आता डासांकडे वळू. या दोन जिल्ह्यांत डासांची पैदास एकाच कारणाने होत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांत पाणी आठवड्याने किंवा त्याहून उशिरा येते, म्हणून घरोघर पिंपे आणि सिमेंटच्या टाक्या भरलेल्या असतात. त्या स्वच्छ पाण्यात दिवसा चावणारा, डेंग्यूचा एडिस डास वाढतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, हे येथे आठवते. साठवणीच्या पाण्याचा आणि डासाचा संबंध दुष्काळी मुलखाला नवा नाही. उलट सांगलीच्या शेरीनाल्यासारख्या सांडपाण्यात, शहरांच्या उघड्या गटारांत रात्री चावणारा क्युलेक्स डास माजतो. प्रशासनाचे सारे लक्ष स्वाभाविकपणे एडिसकडे असते, कारण त्याने माणसे दगावतात. परिणामी रात्रीची झोप उडवणारा, मुलांच्या अंगावर पुळ्या उठवणारा क्युलेक्स ‘निरुपद्रवी’ या सदरात मोकळा सुटतो. नागरिक तक्रार करतात ती बहुधा क्युलेक्सची, आणि नगरपालिका उत्तर देते ते एडिसचे; दोघांचेही समाधान होत नाही, यात नवल ते काय?

त्यात धूरफवारणीचे वेड. धुराने त्या क्षणी उडत असलेले डास मरतात. पाण्यातील अळ्यांना त्याने ढिम्म काही होत नाही, आणि आठ-दहा दिवसांत नवी फळी तयार होते. तरीही धूर दिसतो, यंत्र आवाज करते, म्हणून लोकांना तोच हवा असतो. गटार वाहते ठेवणे, साचलेल्या पाण्यात अळीनाशक टाकणे, गप्पी मासे सोडणे, आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करणे या कामांना आवाज नाही. घरातही आपण हेच करतो. कॉईल पेटवली की कर्तव्य संपले असे वाटते. एका कॉईलच्या धुरातील सूक्ष्म कण वजनाने शंभराच्या आसपास सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. दार-खिडक्या बंद करून त्या धुरात मुलाला निजवण्यापेक्षा मच्छरदाणी शतपटीने बरी. पंख्याचा वारा हाही डासाचा चांगला शत्रू आहे, कारण तो दुबळा उडणारा कीटक आहे. मात्र त्याला वीज लागते.

कृष्णाकाठच्या लोकांना या प्रश्नाचे आणखी एक रूप ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांची मर्यादा ओलांडली गेली. पूर चढत असता डास वाढत नाहीत, प्रवाहात अळ्या वाहून जातात. पाणी उतरून खड्ड्यांत, तळघरांत आणि पडक्या घरांच्या जोत्यांत साचले की दोन-तीन आठवड्यांनी त्यांचा उद्रेक होतो. नेमक्या त्याच वेळी मदतीच्या गाड्या परतलेल्या असतात. पुरात कपडे, अंथरुणे गेलेली, भिंती ओल्या, आणि कातडी आधीच पाण्याने फुगलेली. अशा स्थितीत दंश पिकण्यास वेळ लागत नाही. मदतीच्या पाकिटात धान्य व सतरंजी असते तशी मच्छरदाणी, साबण आणि कॅलॅमाइनची बाटली का असू नये?

शाळांच्या हातीही बरेच आहे. एडिस दिवसा चावतो, म्हणजे मूल शाळेत असते तेव्हा चावतो, आणि बाकाखालच्या अंधारात त्याला उघड्या पोटऱ्या आयत्या मिळतात. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांपुरती मुलांना लांब विजार आणि मुलींना सलवार घालण्याची मुभा द्यावयास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये. शाळेच्या छपरावरील झाकण नसलेली टाकी आणि मागच्या बाजूस टाकलेले टायर हे तर मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावयाचे काम आहे.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडसह अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात उतरतात. त्यांच्या कोप्या कारखान्यांच्या आवारात, ओढ्यांच्या काठी, पाणथळ रानात पडतात. कोरड्या मुलखातून आलेली ती मुले, मेलनबीच्या क्रमानुसार, दंशाचा सर्वाधिक त्रास होण्याच्या अवस्थेत असण्याची शक्यता मोठी. कोपीला दार नाही, पंखा नाही. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात गेलेले असतात, आणि पिकलेल्या पुळ्या दाखवण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आरोग्य केंद्रात जाणे त्यांना परवडत नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी राज्यात स्वतंत्र महामंडळ आहे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक कोपीला एक मच्छरदाणी आणि प्रत्येक अड्ड्यावर महिन्यातून दोनदा आरोग्यसेविकेची फेरी, एवढी मागणी या महामंडळाकडे आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांकडे दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी मोळी टाकण्याच्या समारंभापूर्वी लेखी करावी.