अस्वलाच्या छातीत धडधड



परभणीच्या मुलांना ड्रोन काही नवा नाही. लग्नाच्या वरातीवर तो घिरट्या घालतो, शेतात पिकावर औषध फवारतो. समजा, सुटीत तुम्ही ताडोबाला निघालात आणि मामा म्हणाला, "ड्रोन घेऊ रे सोबत. वरून वाघ काय झकास दिसेल!" तर?

आपल्या जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रात मात्र सहा आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचं संजय गांधी उद्यान. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन उडवायला चालकाचा परवाना लागत नाही. मामा म्हणेल, "मग अडचण काय?" अडचण अशी, की उद्यानात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही चालतो. तिथे प्रवेशाला, छायाचित्रणाला परवानगी लागते. ती देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. वन्यप्राण्याला छेडायला, त्रास द्यायला तर साफ मनाई! सफारीचं तिकीट म्हणजे ड्रोनची परवानगी नव्हे, बरं का.

"पण ड्रोन तर प्राण्याला हातही लावत नाही!" असं वाटतं ना? मग ही गंमत ऐका. अमेरिकेत मिनेसोटा इथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या अस्वलांच्या हृदयाचे ठोके मोजले. ड्रोन डोक्यावर येताच एका अस्वलाचे ठोके मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले! हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नवल म्हणजे बहुतेक अस्वलं पळालीच नाहीत. बाहेरून शांत, आत मात्र धडधड. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटणार, 'बघा, त्याला काहीच झालं नाही!'

पक्षी तर उडूनच जातात. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका पाणथळ जागी ड्रोन कोसळला. घाबरलेले हजारो सुरय पक्षी घरटी सोडून गेले, ते परतलेच नाहीत. दीड हजारांहून जास्त अंडी वाळूत तशीच पडून राहिली.

म्हणून आईबाबांनो, जंगलात जाताना ड्रोन घरीच राहू द्या. आणि मुलांनो, हे फक्त ताडोबापुरतं नाही हं. आपल्या येलदरीच्या पाण्यावर पक्षी बसलेले दिसले, तर तिथे पाटी असो वा नसो, दुर्बिणीने बघा. मामाने विचारलं, तर त्याला अस्वलाची गोष्ट सांगा.