पॅरामेडिकची पुढची पायरी
महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ती गाडीत डॉक्टर देऊन. रुग्णांच्या दृष्टीने ते चांगलंच. पण पॅरामेडिकचं शिक्षण घेतलेल्या तरुणांनी पुढे काय करायचं, हा प्रश्न मागे पडला. २०२१च्या केंद्रीय कायद्याने त्यांच्या नोंदणीची वाट मोकळी केली. मात्र नोंदणी म्हणजे बढती नव्हे. त्यात काम दमवणारं: हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबावी लागते. दमलेल्या हाताचा दाब उथळ पडतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, असा नियमच आहे. दोन मिनिटांचा थकवा नियमात धरणाऱ्या व्यवसायाने वर्षानुवर्षांच्या थकव्याचा हिशेब का ठेवू नये?

आणीबाणी घड्याळ पाहून येत नाही, असं यावर म्हटलं जातं. खरं आहे, म्हणून तर पाळ्या लावतात. बदली माणूस वेळेवर आला, तरच पंचविशीतल्या मुलामुलींना कबड्डीचा सराव, घरचं लग्नकार्य, सलग झोप मिळेल. खर्च वाढेल, हेही मान्य. पण अनुभवी माणूस कंटाळून निघून गेला, तर नव्याला तयार करायलाही पैसा लागतोच. वरिष्ठ पॅरामेडिक, प्रशिक्षक, नियंत्रण कक्षातला अधिकारी या पायऱ्या सरकारने सेवानियमांत लिहून द्याव्यात, आणि साप्ताहिक सुट्टीही.