कलावंताचे अंतरंग आणि चरित्रकाराची मर्यादा

सकाळचे लिलाव आटोपले की मार्केट यार्डातील फळबाजाराला थोडी उसंत मिळते. परवा अशाच वेळी तेथील एका चहाच्या टपरीवर दोन तरुण हमाल मोबाइलवर एक चित्रफीत पाहून मनमुराद हसत होते. फितीत निळू फुले होते. ती टोपी, ती तिरकी नजर आणि तो घोगरा आवाज. शेजारी बसलेले एक वयस्क तोलणार मात्र हसले नाहीत. ‘हा माणूस आपल्यातला होता,’ एवढेच ते म्हणाले आणि कप ठेवून कामावर निघून गेले.

त्या तरुणांना ठाऊक असलेले निळू फुले म्हणजे बायकांना वाड्यावर बोलावणारा पाटील. तोलणारांच्या मनातील निळू फुले अगदी निराळे. या दोहोंखेरीज आणखी एक निळू फुले असले पाहिजेत, ते म्हणजे केवळ त्यांचे त्यांनाच ठाऊक असलेले. हा तिसरा माणूस एखादे चरित्र आपल्या हाती देऊ शकते काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घोळत आहे.

प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. गेल्या काही वर्षांत मराठीत कलावंतांच्या चरित्रपटांची रीघ लागली. ‘बालगंधर्व’ (२०११), ‘एक अलबेला’ (२०१६), ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८), ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ (२०१९) ही त्यांतील काही ठळक नावे. मुखवट्यामागचा खरा माणूस पाहायला मिळेल, याच अपेक्षेने प्रेक्षक अशा चित्रपटांना जातो. ‘भाई’च्या वेळी तर ‘आमचे पु. ल. असे नव्हते’ म्हणून मोठा वाद झाला. तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पु. लं.ना रंगमंचावर किंवा पुस्तकातच पाहिले असणार. तरीही त्यांच्या मनात एक पु. ल. पक्के झालेले होते. म्हणजे अंतरंग उलगडण्याचा दावा चरित्रकार करतो आणि ते आपल्याला आधीच ठाऊक आहे असा दावा वाचक करतो. हे दोन्ही दावे तपासून पाहण्याजोगे आहेत.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हा पेच अनोळखी नाही. ग्राहकाच्या मनातील समाधान मोजण्याचा खटाटोप आमच्या शास्त्रानेही पुष्कळ काळ केला. १९३८ साली पॉल सॅम्युएलसन यांनी निराळी वाट सुचविली. मनात डोकावण्याचा नाद सोडावा; हाती असलेल्या पैशात आणि समोर असलेल्या भावात माणूस काय निवडतो, एवढे नीट पाहावे. त्याची निवड हीच त्याच्या पसंतीची साक्ष. आडत्याने शेतकऱ्याला दिलेली हिशोबपट्टी पाहा. तीत वजन असते, दर असतो, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे असते. रात्रभर ट्रकमध्ये बसून आलेल्या शेतकऱ्याची धाकधूक तीत नसते. परंतु पट्टी खरी असेल, तर जाणत्या माणसाला त्या आकड्यांवरून धाकधुकीचाही अंदाज येतो.

निळू फुले यांच्या आयुष्याची अशी पट्टी मांडून पाहावी. १९३० साली जन्मलेला हा माणूस नट म्हणून नावारूपाला येण्यापूर्वी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होता. दरमहा ८० रुपयांच्या पगारातील १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. म्हणजे पगाराचा आठवा हिस्सा. महिनाअखेरीची ओढाताण ज्याने अनुभवली आहे, त्या कारकुनाला किंवा शिक्षकाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले, ‘एक गाव बारा भानगडी’ने (१९६८) पडदा मिळाला आणि ‘सामना’तील (१९७५) साखरसम्राट हिंदुरावाने खलनायकालाही एक हाडामांसाचे माणूसपण दिले. कीर्ती आणि पैसा आल्यानंतर त्यांनी काय केले? डॉ. श्रीराम लागू आणि हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या बरोबरीने सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात ते उभे राहिले. ज्यांना पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, अशा पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा करण्यात आला. त्या तोलणारांचे एक वाक्य कोठून आले असेल, याचा उलगडा येथे थोडासा होतो.

माझ्या लहानपणी दूरदर्शनवर त्यांचा चित्रपट लागला की आई पडद्याकडे पाहून बोटे मोडीत असे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत हेच घडले असेल. लाखो घरांतला हा तिरस्कार कमावून घरी परतणाऱ्या त्या सौम्य माणसाला रात्री काय वाटत असेल? आपल्या कलेचे सार्थक झाले असे वाटत असेल, की कोठेतरी एखादा काटा सलत असेल? हे आपल्याला ठाऊक नाही. चरित्रकारालाही ते ठाऊक असू शकत नाही. मुलाखतीत माणूस जे उत्तर देतो, ते पाहुण्यापुढे मांडलेल्या बैठकीच्या खोलीसारखे असते. त्यावरून माजघराची कल्पना करता येत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. निवडीवरून तरी मन कळते काय? १९११ साली मुंबईत ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही प्रयोग झाला. ही निवड निर्विवाद आहे. पण तिचा अर्थ कोणता? रसिकांवरील निष्ठा, मंडळीचे नुकसान होऊ नये ही काळजी, की दुःखापासून काही तास दूर राहण्याची धडपड? अमर्त्य सेन यांनी सॅम्युएलसनप्रणीत विचारावर घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. माणूस स्वतःच्या समाधानासाठीच निवड करतो असे नाही. कर्तव्यापोटी तो मनाविरुद्धही निवड करतो. आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु त्यातून निघतो तो एवढाच निष्कर्ष की चरित्रकाराने घटना सांगावी, संभाव्य अर्थ वाचकापुढे ठेवावेत आणि निकाल देऊ नये. त्या दिवशी बालगंधर्वांच्या मनात कोणते विचार आले याचे संवाद लिहिणारा लेखक कादंबरी लिहितो. तीही लिहावी, मात्र तिला चरित्र म्हणू नये.

मग कलावंताने स्वतःच सांगितले तर? हंसा वाडकर यांनी ‘सांगत्ये ऐका’मध्ये (१९७०) विलक्षण धीटपणे आपले आयुष्य उघडे केले. तरीही ते कथन अरुण साधू यांच्या शब्दांकनातून आले. पुढे त्याच्या आधाराने श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) काढला आणि स्मिता पाटील यांनी उभी केलेली स्त्री आणखी वेगळी झाली. बोलायला तयार असलेल्या माणसाचीही ही गत. मग जो स्वतःविषयी बोलूच इच्छीत नाही, त्याच्या मौनात आपले शब्द भरणे हे अतिक्रमणच होय. कलावंताने आपली कला रसिकांना विकलेली असते. मन विकलेले नसते.

तात्पर्य, अंतरंग टिपणे चरित्राच्या आवाक्यात नाही आणि ते त्याचे कामही नाही. बाह्य आयुष्याची सचोटीने ठेवलेली नोंद ही लहान गोष्ट नव्हे. कोणी किती मानधन दिले, कर्ज कोणाचे होते, आजारपणात कोण धावून आले, कोणते काम का नाकारले, हे पुराव्यानिशी लिहावे आणि जेथे ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडावी. दुर्दैव असे की प्रसिद्धांच्या अंतरंगाच्या मागे लागलेल्या आपल्या समाजात अप्रसिद्धांच्या बाह्य आयुष्याचीही नोंद होत नाही. नारायणगावसारख्या तमाशाच्या पंढरीत फडांबरोबर हयात घालविलेले किती ढोलकीवाले आणि सोंगाडे केवळ ऐकीव आठवणीत उरले आहेत!

आणि हा दोष दुसऱ्यांच्याच पदरी घालून चालणार नाही. त्या सकाळी मी त्या तोलणारांना थांबविले नाही. त्यांनी निळू फुले यांना कोठे पाहिले होते, ‘आपल्यातला’ म्हणजे काय, हे विचारले नाही; टपरीवर बसून अंतरंगाचा विचार करीत राहिलो. कलावंताचे मन कोणालाच मिळणार नाही, परंतु त्याला पाहिलेल्या माणसांची साक्ष आज मिळण्याजोगी आहे. ती माणसे वयोवृद्ध झाली आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना यंदा प्रकल्पासाठी मी हेच काम देणार आहे, आणि त्यातील पहिली भेट माझी मलाच घ्यावयाची आहे.