भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि आपले मत

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी आपले गोरेगाव भंडारा जिल्ह्यात होते. याच भंडाऱ्यातून १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. आज आपल्या घरातील मुलांना हे सांगितले तर ती चकित होतात.

बाबासाहेबांची आम्हाला ओळख आहे ती घटनाकार म्हणून. पण त्याआधी ते माणसाच्या हक्कासाठी लढणारे वकील होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांसाठी खुले केले, तरी अस्पृश्यांना पाणी मिळेना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी घेतले. डिसेंबरच्या परिषदेला महाडमध्ये कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. हुकूकुल इबाद म्हणजे काय, हे त्यांनी कृतीने दाखवले. विरोधक कोर्टात गेले. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडले व ते विरोधी बाकांवर बसले. १९५२ ला उत्तर मुंबईत हरले, मग राज्यसभेवर गेले आणि १९५४ ला भंडाऱ्यात उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता, प्रत्येकाला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी अशोक मेहता जिंकले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. प्रचारात काहींनी दुसरे मत कुजवण्याचा विचार मांडला होता आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, असे सांगितले जाते. ज्याने घटना लिहिली, तो मत वाया घालवा असे कसे सांगेल?

वाचकहो, मत ही अमानत आहे. तिच्यासाठी आधी यादीत नाव हवे. आमच्या शाळांत नेहमी दिसते की एकाच मुलीचे नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि रेशनकार्डावर तिसरेच असते. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. कुठे खातून, कुठे बेगम. लग्न होऊन सासरी गेली की नाव दोन्हीकडून निसटते. मग मतदानाच्या दिवशी बाई केंद्रावरून परत येते आणि घरचे नशिबाला दोष देतात.

अठरा वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरावा. चूक असेल किंवा पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरावा. दोन्ही बीएलओकडे मिळतात. या महिन्यात एका जुम्याला घरातील सगळी कागदपत्रे एकत्र मांडून नावे जुळवून पाहावीत. सुनांची आणि लेकींची आधी. चवदार तळ्याचा हक्क कोर्टात पुराव्यांवर टिकला. आपलाही हक्क कागदावर नीट असला, तरच मागता येईल.