घरी जाणाऱ्यांची वाट

जून महिन्याचा पंधरवडा उलटला की फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी या देशांतून मोटारींची एक अखंड रांग दक्षिणेकडे सरकू लागते. टपावर ताडपत्रीने बांधलेली गाठोडी, मुलांच्या सायकली, भावाबहिणींसाठी घेतलेले कपडे. आत तीन पिढ्या दाटीवाटीने बसलेल्या. या रांगेचे तोंड स्पेनच्या दक्षिण टोकावरील अल्जेसिरास बंदराकडे असते. तेथून जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडली की मोरोक्को. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. परंतु ब्रसेल्सहून निघालेले कुटुंब त्या पाण्याशी पोहोचते ते दोन हजार किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवून. १५ जून ते १५ सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी स्पेनचे सरकार नागरी संरक्षण यंत्रणेच्या द्वारे एक खास मोहीम चालविते. मोरोक्कोच्या बाजूने तिचे नाव 'मरहबा', म्हणजे स्वागत. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जाणारे व परतणारे मिळून ३० लाखांहून अधिक प्रवासी या मार्गाने गेले. युरोप आणि आफ्रिका यांच्या दरम्यान दरवर्षी होणारी माणसांची ही मोठी ये-जा 'पर्यटन' या सदराखाली मोजणे सर्वस्वी चुकीचे ठरेल.

हे प्रवासी कोण, याचे उत्तर इतिहासात आहे. १९६३ साली मोरोक्कोने पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स यांच्याशी, १९६४ साली बेल्जियमशी व १९६९ साली नेदरलँड्सशी मजूरभरतीचे करार केले. युद्धोत्तर भरभराटीला स्वस्त हात हवे होते. उत्तर फ्रान्समधील कोळसाखाणींसाठी फेलिक्स मोरा नावाचा भरती-अधिकारी दक्षिण मोरोक्कोतील गावोगाव फिरला. रांगेत उभ्या केलेल्या तरुणांचे दंड आणि पाठी तपासून तो त्यांच्या अंगावर शिक्का मारी: हिरवा असेल तर पसंत, लाल असेल तर नापसंत. १९७३-७४ च्या तेलसंकटानंतर याच देशांनी नव्या मजुरांना दारे बंद केली. त्याचा परिणाम राज्यकर्त्यांच्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला. एकदा परतलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून मजुरांनी मायदेशी परतण्याऐवजी बायकामुलांना आपल्याकडे बोलावून घेतले. एकट्या पुरुषाची रजेची फेरी होती, तिचा संपूर्ण कुटुंबाचा वार्षिक प्रवास झाला तो येथून.

या प्रवासाला आणखी एक पाया आहे आणि समाजवादी कार्यकर्त्याने तो विसरता कामा नये. भरपगारी रजा ही मालकांनी दिलेली बक्षिसी नव्हे. फ्रान्समध्ये १९३६ साली संपांच्या लाटेनंतर लिऑं ब्लुम यांच्या लोकआघाडी सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. १९५६ साली ती तीन, १९६९ साली चार आणि मितराँ यांच्या कारकीर्दीत १९८२ साली पाच आठवड्यांची झाली. रस्त्यावर जाता-येता आठवडा खर्ची पडत असेल, तर दोन आठवड्यांच्या रजेत गाव कसे गाठणार? आज मोरोक्कन आजीच्या मांडीवर नातवंड महिनाभर खेळते, त्यामागे फ्रेंच कामगारांनी अर्धशतकभर दिलेला लढा आहे. श्रमिकांची एकजूट असते ती अशी: ज्याने लढा दिला त्याला फळ कोणाकोणाला मिळेल हे ठाऊकही नसते.

परंतु रजेचा हक्क मिळाला म्हणून घरी जाण्याची सोय झाली असे नाही. जुलैअखेर आणि ऑगस्टचा आरंभ या काही दिवसांत सारेच निघतात, कारण शाळांच्या सुट्या आणि कारखान्यांच्या रजा मालकांच्या व सरकारांच्या वेळापत्रकाने ठरतात. ऑगस्टच्या अखेरीस हीच गर्दी उलट दिशेने लोटते. या गर्दीतून मार्ग काढण्याचे नियोजन मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापले करावयाचे. हिवाळ्यातच रजेचा अर्ज टाकावयाचा, बोटीची तिकिटे पाहावयाची, वाहनाची व मुलांची कागदपत्रे जुळवावयाची. अल्जेसिरासहून दीड-दोन तासांची फेरीबोट घ्यावी, की फ्रान्समधील सेत किंवा इटलीतील जेनोआ येथून दीड-दोन दिवसांची बोट घेऊन रस्त्याचा शीण वाचवावा, याचा हिशेब मांडावयाचा. पुढे वर्षभर त्यासाठी पै-पै बाजूला टाकावयाची.

बाजारपेठेचे समर्थक येथे सांगतील की गर्दीच्या दिवशी भाडे वाढणे हा मागणी-पुरवठ्याचा नियम आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी लवकर तिकीट काढावे अथवा मागाहून जावे. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात हे शोभून दिसते. दुसरा धडा असा, की ज्या गरजेला पर्याय नाही तिची मागणी भावाने फारशी घटत नाही, आणि म्हणूनच तेथे विक्रेत्याला मनमानी करता येते. म्हाताऱ्या आईला भेटावयाचे आहे, बहिणीचे लग्न आहे; त्यासाठी दुसरा महिना कोठून आणावयाचा? शिवाय लवकर तिकीट काढण्याची सवलत कोणाच्या पदरात पडते? ज्याची नोकरी कायम आणि रजा निश्चित, त्याच्या. साफसफाईच्या कंत्राटावर राबणारी स्त्री किंवा बांधकामावरचा हंगामी मजूर यांना रजा कळते ती आयत्या वेळी, आणि तेव्हा उरलेले असते ते सर्वांत महाग तिकीट. अधिक असुरक्षित त्याने अधिक मोजावे, असा हा न्याय आहे.

पेन्शनीवर जगणाऱ्या वृद्धांची स्थिती याहून बिकट. फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेने १९७० च्या दशकात घेतलेल्या मोरोक्कन कामगारांना तेच रूळ, तेच डबे सांभाळूनही कायम रेल्वेकामगारांचा दर्जा दिला नव्हता. त्यांपैकी सुमारे ८०० जणांना भेदभावाबद्दल भरपाई देण्याचा निकाल पॅरिसच्या अपील न्यायालयाने कायम केला तो २०१८ साली. तोवर सारे सत्तरीच्या आसपास पोहोचले होते. आयुष्यभर कमी मिळालेल्या माणसाला गावी जाण्याचे भाडे जड व्हावे, यात नवल ते काय?

नियोजन अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. गर्दी शिगेला पोहोचते तेव्हा एका कंपनीचे तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बोटीवर चालेल, असा आदेश या मोहिमेत काढला जातो. धक्क्यावर वाहने तिष्ठत राहू नयेत म्हणून खाजगी कंपन्यांना तेवढ्यापुरते एका सार्वजनिक सेवेसारखे वागावे लागते. सावलीचे मांडव, पाणी, दवाखाना, दुभाषे यांची व्यवस्था होते. मग जी शासनसंस्था गर्दीचे नियमन करू शकते ती भाड्याचे नियमन का करीत नाही? करू शकते, हे २०२१ च्या उन्हाळ्याने दाखविले. राजे मोहम्मद सहावे यांच्या आदेशानंतर विमानाची व बोटीची भाडी खाली आली.

तो उन्हाळा आणखी एका कारणाने स्मरणात ठेवण्याजोगा आहे. पश्चिम सहाराच्या पोलिसारिओ चळवळीचे नेते ब्राहिम गाली यांना स्पेनने उपचारासाठी दाखल करून घेतले, त्यावरून दोन्ही देशांचे संबंध बिघडले आणि मोरोक्कोने स्पेनची बंदरे या प्रवासातून वगळली. २०२० साली महामारीने बंद झालेली वाट २०२१ साली राजकारणाने बंद राहिली. स्पेनने पश्चिम सहाराविषयीची भूमिका बदलल्यावरच एप्रिल २०२२ मध्ये ती उघडली. ज्यांचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या कुटुंबांना शेकडो कोस वळसा घालावा लागला किंवा घरीच बसावे लागले. ज्यांची वाट राज्यकर्त्यांच्या मर्जीवर उघडते आणि मिटते, त्यांना नागरिक म्हणावे की ओलीस?

मोरोक्कोच्या शासनाचे स्वतःचे कर्तृत्वही तपासले पाहिजे. देशाची सरकारी जहाजकंपनी कोमानाव २००७ साली विकली गेली. तिची प्रवासी वाहतूक पुढे ज्या खाजगी समूहाकडे गेली तो २०१२ मध्ये कोसळला. कर्जापोटी त्याच्या बोटी सेत बंदरात अडकवून ठेवण्यात आल्या आणि पगार थकलेले खलाशी कित्येक महिने त्यांतच अडकून पडले. परदेशस्थ नागरिकांनी २०२३ साली मायदेशी पाठविलेली रक्कम ११५ अब्ज दिरहमांच्या आसपास होती. एवढा पैसा आणणाऱ्यांना ने-आण करण्यासाठी सरकारी मालकीची एक बोट मात्र देशाला राखता आली नाही. १० ऑगस्ट हा दिवस २००३ पासून स्थलांतरितांचा राष्ट्रीय दिन म्हणून साजरा होतो. २०११ च्या संविधानाचे १७ वे कलम त्यांना मतदानासह पूर्ण नागरिकत्वाचे हक्क देते. पण २०२१ च्या निवडणुकीतही परदेशात राहणाऱ्याला मत द्यावयाचे तर ते देशातील कोणा मुखत्यारामार्फत द्यावे लागले. पैसा थेट पोहोचतो, मत पोहोचत नाही.

मोरोक्कन बोलीत या माणसांना 'झ्माग्री' म्हणतात. फ्रेंच शब्दाचा तो अपभ्रंश. त्यात कौतुक असते, हेवा असतो आणि थोडा दुरावाही. 'चाकरमानी' हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला आहे त्यांना त्याची छटा निराळी सांगावयास नको. मनीऑर्डरीवर जगणाऱ्या गावाला आपला माणूस वर्षातून एकदा दारात उभा हवा असतो. आणि त्या एका खेपेची काळजी, ज्याच्या घामावर मुंबई उभी राहिली त्याने एकट्यानेच वाहावी, हा रिवाज कोकणातही जुनाच आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सामुद्रधुनीवरील वाहतूक ही सार्वजनिक सेवा मानून हंगामातील भाड्याला कमाल मर्यादा घालावी. रजेच्या तारखा वेळेवर कळणे हा कंत्राटी कामगाराचाही हक्क असावा. दोन देशांचे वाद काहीही असोत, या वाटेला हात लावणार नाही असा करार दोन्ही तीरांनी करावा. आणि या मागण्या मोरोक्कन संघटनांनी एकट्याने का कराव्यात? ज्या युरोपीय कामगार संघटनांनी रजा मिळविली त्यांचेच हे अपुरे राहिलेले काम आहे. श्रमिकाला काम मिळावे यासाठी चळवळी झाल्या, विश्रांती मिळावी यासाठीही झाल्या. काम संपल्यावर त्याला सन्मानाने आपल्या घरी जाता यावे, एवढे मागणे अद्याप शिल्लक आहे.