सातबाऱ्यावर नाव, मग गावाला पाठ का?

मुंबईत नाव कमवायचे, खेड्यात जमीन घ्यायची, त्या जमिनीभोवती दोन पुरुष उंचीची भिंत घालायची आणि भिंतीपलीकडे राबणाऱ्या माणसाचे नावही कधी विचारायचे नाही, हा आपल्याकडच्या अनेक नामवंत नटांचा शिरस्ता होऊन बसला आहे. याला कोणी खासगी आयुष्य म्हणतो, कोणी सुरक्षितता म्हणतो. आम्ही याला उद्दामपणा म्हणतो. ज्या खेडुताने पोटाला चिमटा काढून तिकीट घेतले, त्याच्या पैशावर मोठे व्हायचे आणि त्याच्याच शिवारात येऊन त्याला परका ठरवायचे, याला दुसरे नाव नाही.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत बसून अलिबाग-लोणावळ्याची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि आपला जिल्हा त्या रस्त्यावर आला. रस्ता आला की जमिनीचे दलाल येतात, आणि दलालांच्या मागून फार्महाऊस येते. मावळात आणि अलिबागेत जे झाले ते गोदाकाठी होणार नाही, असे समजून झोपी जाण्याइतके आपण बेसावध राहता कामा नये. तिथल्या गावांनी जे सोसले त्याचा हिशेब आजच मांडला पाहिजे.

आधी शेजार म्हणजे काय ते या मंडळींना सांगितले पाहिजे. खेड्यात जमीन विकत घेणे म्हणजे शहरात सदनिका घेणे नव्हे. इथे बांध दोघांचा असतो. पाणंद सगळ्यांची असते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटले की वरच्याने पाणी अडवले तर टेलचा ऊस आणि मोसंबी वाळते, म्हणून पाळी पाळावी लागते. शेजाऱ्याचा बैल दगावला तर पेरणीच्या तोंडावर इर्जिक घालून त्याचे रान उरकून द्यावे लागते. रात्री कोणाला पान लागले तर ज्याच्या दारात गाडी आहे त्याने ती काढायची असते, विचारायला थांबायचे नसते. मयतीला जायचे असते. हे कुठल्या कायद्यात लिहिलेले नाही, तरी यावरच गाव उभे आहे. २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, दहा-बारा वर्षे जपलेल्या झाडांवर शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने कुऱ्हाड घालावी लागली. त्या उन्हाळ्यात माणसे तगली ती शेजाराच्या जोरावर. ज्याच्या विहिरीत चार परस पाणी होते, त्याने ते पिण्यापुरते वाटून दिले.

आता या कसोटीवर मोठ्या नावांकडे पाहू. महाराष्ट्रात १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३ने शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. मराठवाड्याला त्यासाठी १९५०चा हैदराबाद कूळकायदा आहे. म्हणजे ज्याला फार्महाऊस बांधायचे, त्याला आधी कागदावर शेतकरी व्हावे लागते. अमिताभ बच्चन यांनी मावळात पवना परिसरात जमीन घेतली. आपण शेतकरी आहोत हे दाखवण्यासाठी उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातल्या दौलतपूरच्या जमिनीचा आधार त्यांनी दिला. २००७ साली फैजाबादच्या महसूल न्यायालयाने दौलतपूरच्या नोंदी बनावट ठरवल्या. पुढे डिसेंबर २००७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बच्चन यांना दिलासा दिला आणि त्यांनी दौलतपूरच्या जमिनीवरचा हक्क सोडला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटले. न्यायालयाने ज्यांना दोषी मानले नाही त्यांना आम्हीही दोषी मानत नाही.

परंतु दौलतपूरची गोष्ट तिथे संपत नाही. जानेवारी २००८ मध्ये सारे बच्चन कुटुंब त्या गावात उतरले. मुलायमसिंह यादव होते, अमरसिंह होते, कॅमेऱ्यांची फौज होती. ऐश्वर्या राय बच्चन यांच्या नावाने मुलींच्या महाविद्यालयाची कोनशिला बसवली गेली. गावाने काय काय स्वप्ने पाहिली असतील! ज्या गावच्या मुली लांबच्या गावी शिकायला जाऊ शकत नाहीत, त्यांच्या दारात महाविद्यालय येणार होते. वर्षे गेली. कोनशिला होती, इमारत उभी राहिली नाही. काम जयाप्रदा यांच्या संस्थेकडे सोपवले होते, असे सांगण्यात आले. संस्था कोणाचीही असो, गावाने शब्द बच्चन यांचा धरला होता. अखेर वाट पाहून थकलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, गावातल्याच एका शिक्षकाने जमीन दिली, आणि २०१२च्या सुमारास दौलतपूरने आपले महाविद्यालय आपण उभे केले. आम्हाला या प्रकरणातली सर्वांत मोठी माणसे कोण वाटतात? पाच-पन्नास, शंभर रुपये वर्गणी देणारे ते शेतमजूर. ज्यांच्या एका जाहिरातीच्या मोबदल्यात अशी कैक महाविद्यालये उभी राहतील, त्यांना शब्द पाळवला नाही. ज्यांच्या घरात दोन वेळची भाकरी जेमतेम, त्यांनी पाळवला.

अलिबागेजवळचे थळ गाव आठवा. तिथल्या शाहरुख खान यांच्याशी संबंधित फार्महाऊसवर प्राप्तिकर खात्याने बेनामी कायद्याखाली जप्ती आणली होती. न्यायनिर्णय प्राधिकरणाने २०१९ मध्ये ती रद्द केली. तोही विषय आम्ही उकरत नाही. आम्हाला बोलायचे आहे ते नोव्हेंबर २०१७ मधल्या गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरील प्रसंगाबद्दल. अलिबागेहून वाढदिवस साजरा करून खान यांची नौका धक्क्याला लागली, चाहत्यांची आणि बंदोबस्ताची गर्दी झाली आणि पलीकडे जायला निघालेली माणसे अडकून पडली. अडकलेल्यांत शेतकरी कामगार पक्षाचे आमदार जयंत पाटील होते. ते भडकले. तू मोठा तारा असशील, पण सारे अलिबाग तू विकत घेतले आहेस काय, अशा अर्थाचे खडे बोल त्यांनी सुनावले आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. प्रश्न रास्त होता. तो विचारण्याची हिंमत दाखवली याबद्दल आम्ही पाटलांना दाद देतो. पण त्याच धक्क्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण असती, दवाखान्यातून परत निघालेला म्हातारा असता, तर त्याला ओरडता आले असते काय? आमदार ओरडला म्हणून बातमी झाली. सामान्य माणूस तासन् तास तिष्ठतो आणि त्याची कुठे नोंद होत नाही. आमदारांच्या ताफ्यापायीही हीच माणसे रस्त्यावर उभी केली जातात, हेही याच ठिकाणी सांगून टाकतो.

आणि कांकाणी! जोधपूर जिल्ह्यातले हे बिश्नोईंचे गाव प्रत्येक मराठी खेड्याने ध्यानात ठेवावे. १ ऑक्टोबर १९९८ची रात्र. 'हम साथ साथ हैं'च्या चित्रीकरणासाठी आलेली मंडळी शिकारीला निघाली. बंदुकीचा आवाज ऐकून गावकरी अंथरुणातून उठून धावले. समोर दोन काळविटे मरून पडली होती. त्या गावकऱ्यांनी गाडीचा माग काढला, तक्रार दिली, आणि समोर केवढा बडा माणूस आहे हे कळल्यावरही ते मागे हटले नाहीत. साक्षीदार म्हातारे झाले, वकिलांच्या उलटतपासण्यांना वीस वर्षे तोंड देत राहिले. ५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खान यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. बाकीचे कलावंत निर्दोष सुटले. दोन दिवसांत खान यांना जामीन मिळाला आणि मुंबईत त्यांच्या घरासमोर लोक नाचले. कोण नाचत होते? आपल्याच खेड्यापाड्यांतून मुंबईला पोट भरायला गेलेली पोरे!

या घनसावंगी तालुक्यातल्या शेतकऱ्याला विचारा काळवीट म्हणजे काय. हरणांचे आणि रोह्यांचे कळप एका रात्रीत तुरीचा, हरभऱ्याचा कोवळा पाला फस्त करतात. शेतकरी मचाणावर बसून डबे वाजवतो, थंडीत कुडकुडतो, सकाळी उद्ध्वस्त रान पाहून कपाळाला हात लावतो. पण तो बंदूक उचलत नाही, कारण १९७२चा वन्यजीव कायदा त्याला तुरुंगात टाकील हे त्याला ठाऊक आहे, आणि कायदा नसता तरी मुक्या जनावराचा जीव घेताना त्याचा हात थरथरला असता. ज्याचे पीक त्या हरणाने खाल्ले तो संयम पाळतो, आणि ज्याचे काडीचे नुकसान झाले नाही तो मौज म्हणून जीपमधून शिकारीला निघतो! हा नुसता कायदाभंग नव्हे. गावाचे शिवार हे आपले मैदान आहे आणि गावातली माणसे आपल्या खेळातली बाजूची पात्रे आहेत, ही जी समजूत प्रसिद्धीने डोक्यात भरवली जाते, तिचा हा परिपाक आहे.

नट म्हटला की असाच असायचा, हे आम्हाला मान्य नाही. निळू फुले याच मातीतले होते. पडद्यावर त्यांनी असा पाटील, असा सरपंच, असा कारखानदार उभा केला की खेड्यातल्या आयाबाया त्यांना खरोखर शिव्याशाप देत. तो माणूस प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाचा सैनिक होता. बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीत ते उतरले. ज्या काळात दलिताने विहिरीला हात लावला तर डोकी फुटत, त्या काळात लोकप्रियता पणाला लावून एका नटाने त्या विहिरीवर उभे राहायचे, याचे मोल कोणत्या पुरस्कारात मोजणार? डॉ. श्रीराम लागू आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग केले. गावोगाव खपणाऱ्या कार्यकर्त्यांच्या चुलीची चिंता त्या निधीने वाहिली. निळूभाऊंना बाउन्सर लागला नाही. त्यांच्या खांद्यावर कोणीही हात ठेवी.

नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५च्या दुष्काळात 'नाम' ही संस्था उभी केली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या विधवांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. तेच नाना २०२३ साली वाराणसीत चित्रीकरणात छायाचित्र काढायला आलेल्या एका पोराला चापट मारून बसले आणि मग त्यांनी क्षमा मागितली. चापट चूक होती; क्षमा मागितली हे बरे झाले; मराठवाड्यातले काम यामुळे खोटे ठरत नाही. आमिर खान यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत श्रमदानाची स्पर्धा सुरू केली. सयाजी शिंदे बीडजवळच्या पालवणच्या उघड्या डोंगरावर झाडे लावत बसले. म्हणजे प्रसिद्धी माणसाला आंधळी करतेच असे नाही. ज्याला मातीत हात घालायला लाज वाटत नाही, त्याला गाव डोक्यावर घेते.

आणि आता आमच्याच लोकांना चार शब्द सुनावतो, कारण त्याशिवाय हा लेख अप्रामाणिक ठरेल. या अहंकाराला खतपाणी कोण घालते? दुकानाचे उद्घाटन, दहीहंडी, पुढाऱ्याचा वाढदिवस, निवडणुकीआधीचे हळदीकुंकू, प्रत्येक प्रसंगाला पडद्यावरचा चेहरा आणण्याची साथ तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे. लाखालाखांची सुपारी दिली जाते. पाहुणे चार तास उशिरा येतात, काळ्या काचांची गाडी थेट व्यासपीठाला लागते, लेकुरवाळ्या बाया उन्हात चेंगरतात, पोरांच्या पाठीवर काठ्या बसतात, आणि पाहुणे दहा मिनिटे हात हलवून निघून जातात. त्यानंतर आपण त्या काठीचे वळ विसरून मोबाइलमधली अंधूक छबी गल्लीभर दाखवत फिरतो. शाळेचे पत्रे गळतात, अंगणवाडीला कुंपण नाही, स्मशानाचा रस्ता पावसाळ्यात चिखलात बुडतो, आणि सुपारीला पैसा कुठून येतो? समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. ज्या महापुरुषाने दासबोधात मूर्खांची लक्षणे एकेक करून सांगितली, स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला त्यांत बसवले, त्याच्या मुलखात आपण दुसऱ्याच्या आत्मस्तुतीला पैसे मोजून टाळ्या वाजवतो!

ही लाचारी टाकली पाहिजे, आणि तिच्या जागी हक्काची भाषा आली पाहिजे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो गावचा खातेदार आहे. त्याला खातेदाराचे सगळे हक्क मिळोत, खातेदाराची सगळी देणीही लागोत. त्याने वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराला तो मोकळा करून देता येतो. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २००९च्या भूजल कायद्याने गावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताला संरक्षण दिले आहे; कोणाच्या पोहण्याच्या तलावासाठी गावाचा आड आटवायला परवानगी नाही. बांधकामाला घरपट्टी आहे, नळाला पाणीपट्टी आहे, ती मागताना ग्रामपंचायत अधिकाऱ्याने फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे निरोप ठेवून परतू नये. हे कायदे गरिबावर सपाट्याने चालतात आणि मोठ्या फाटकाशी येऊन अडखळतात, हा प्रशासनाचा दोष आहे. पण तक्रारच कोणी केली नाही म्हणून अडखळतात, हा आपला.

जमीन घेणाऱ्या नटांनाही आमचे सांगणे आहे. तुमच्या घरात कोणी डोकावू नये हा तुमचा हक्क आम्हाला मान्य आहे. दाराला कडी लावा. पाणंदीला लावू नका. ग्रामसभेला या, सतरंजीवर बसा, तुमच्या विंधनविहिरीची खोली किती ते सांगा, शेजाऱ्याचे ऐका.

आणि घनसावंगी तालुक्यातल्या प्रत्येक गावाने दलाल दारात येण्याच्या आधी, येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, आपल्या शिवारातल्या सगळ्या पाणंदी, शिवरस्ते, ओढे आणि सार्वजनिक विहिरी नकाशावर उतरवून ठराव मंजूर करावा. तो ठराव घेऊन दहा-वीस जणांनी मिळून तहसील कचेरीत जावे, आणि शिक्क्यानिशी पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नये.