वाटेवरची फुले आणि वर्षावास



आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो. ग्रंथवाचन होते, उपोसथ पाळला जातो. पण वर्षावासाचा नियम का झाला, हे मुलांना सांगितले आहे का? विनयपिटकाच्या महावग्गात त्याचे कारण आहे. भिक्खू भर पावसातही चारिका करीत. लोक कुरकुरू लागले की, पाखरेसुद्धा पावसात घरटे करून एका जागी राहतात आणि हे श्रमण मात्र हिरवे गवत, बारीक जीव तुडवीत फिरतात! तथागतांच्या कानी हे गेले. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. भिक्खूंनाच पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला.

कर्जत-खालापूरच्या वाटांवर ते हिरवे आजही उगवते. कोंढाणे लेण्यांकडे जाणारी पायवाट घ्या, नाहीतर खोपोलीकडच्या रस्त्याची कड. आषाढात टाकळा-कुर्डूची कोवळी भाजी. भाद्रपदात तिथेच तेरड्याचा गुलाबी ताटवा, कुर्डूचे तुरे, टाकळ्याची पिवळी फुले. टाकळ्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. कातकरी, ठाकूर भगिनी ही भाजी विकून चार पैसे मिळवतात. हातात पैसा नसेल तेव्हा आपल्याही चुली याच भाजीवर चालल्या आहेत.

ही तिन्ही एका पावसाची झाडे. बी पडले तरच पुढच्या वर्षी उगवतात. भाद्रपदातच कड सपाट कापली किंवा तणनाशक मारले, तर बी धरण्याआधीच झाड जाते. दरवर्षी असेच झाले की जमिनीतले बी संपत जाते. शिवाय फवारलेल्या कडेची भाजी लेकरांच्या पोटात जाण्याचा धोका वेगळाच.

गवत कापूच नये, असे नाही. वळणावर गाडी दिसली पाहिजे, शाळेच्या वाटेवर सापकिरडाची भीती असते. तिथे वाटेलगतचा हातभर पट्टा जरूर कापावा. मागचे मात्र वर्षावास संपून बी झडेपर्यंत राहू द्यावे. महिला मंडळाने ग्रामसभेत हे मांडावे, तणनाशक नको हेही ठामपणे सांगावे. भाजी खुडताना चार झाडे बियांसाठी सोडावीत. वंदनेसाठी फुले तोडावीत, झाड उपटू नये.

भिक्खूंनी त्या गवतासाठी तीन महिने चालणे थांबवले. आपल्याला फक्त कोयता थोडा उशिरा उचलायचा आहे.